बोट नुसती घ्यावी, की तांडेलासकट? ग्रीसमधल्या शिडाच्या सुट्टीचा हिशोब

गेटवेवरून तासाभरासाठी शिडाची बोट ठरवली की ती चालवणारी माणसं बोटीबरोबरच येतात, वेगळं विचारावं लागत नाही. त्यामुळे ग्रीसमध्ये आठवडाभरासाठी यॉट घ्यायला निघालेल्यांची पहिली फसगत इथेच होते. संकेतस्थळावर ४५ फुटी बोट दिसते, चार केबिन, आठवड्याचे ३,००० युरो. आठ जणांत वाटले तर हॉटेलपेक्षा स्वस्त! मग बारीक अक्षरांत एक शब्द असतो, बेअरबोट. म्हणजे बोट आहे, माणूस नाही. किल्ली तुमच्या हातात, आणि पुढचे सात दिवस तिचे तांडेल तुम्ही.

प्रकार मुळात तीन. पहिला बेअरबोट. दुसरा, तीच बोट पण रोजावर एक स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, घेऊन. तिसरा पूर्ण क्रूसह: कप्तान, स्वयंपाकी किंवा होस्टेस, मोठी बोट असेल तर एखादा डेकहँडही, आणि ही माणसं बोटमालकाच्या नोकरीतली. पहिल्या दोहोंत कंपनी बोट करार करून तुमच्या ताब्यात देते. तिसऱ्यात बोट मालकाच्याच ताब्यात राहते आणि तुम्ही पाहुणे असता. बाकीचे बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात: अनामत कोणाची अडकते, हवा बिघडली तर शेवटचा शब्द कोणाचा, बोटीला ओरखडा गेला तर भुर्दंड कोणाला.

निवड करताना लोक विचारतात, "आपल्यात कोणाला बोट चालवता येते?" उघड्या समुद्रात दुपारी बारा वाजता, मंद वाऱ्यात बोट चालवणं फारसं अवघड नसतं. दोन दिवसांत सुकाणू कोणालाही हातात धरता येतं. कस लागतो तो दिवसातून दोनदा. संध्याकाळी चार-पाचला बोट धक्क्याला लावताना, आणि रात्री दोनला वारा फिरून नांगर सरकायला लागतो तेव्हा. त्या दोन वेळा तुमच्यात कोण सांभाळणार ते नाव घेऊन सांगता येत नसेल, तर नुसती बोट घेऊ नका.

धक्क्याला लागण्याचं काम जवळून

कोकणात बोटी पाहिलेल्या माणसालाही ग्रीसमधली पद्धत नवी वाटते. मुंबईत भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-साडेचार मीटरपर्यंत वरखाली होते, म्हणून बोट दगडी धक्क्याला घट्ट बांधून सोडून देता येत नाही. ग्रीसमध्ये हा फरक जेमतेम वीतभर. त्यामुळे तिथे बोट उलटी, मागची बाजू धक्क्याकडे करून लावतात, मागून दोन दोर धक्क्याला आणि पुढून आपला नांगर. मग मागे एक फळी टाकली की चालत थेट टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या खानावळीत.

ऐकायला सोपं आहे. करायचं असं. मोकळी जागा हेरायची आणि धक्क्यापासून बोटीच्या चार लांबी अंतरावर थांबायचं. ४५ फुटी बोट म्हणजे जवळजवळ १४ मीटर, तेव्हा हे अंतर ५५ ते ६० मीटर. फेंडर (धक्का बसू नये म्हणून लटकवायच्या उशा) दोन्ही बाजूंना आणि दोन मागे, मागचे दोन्ही दोर आधीच उलगडून हातात. मग नांगर सोडून सरळ मागे यायचं. पुढे उभा असलेला माणूस साखळी मोकळी सोडत राहतो, मागे उभे दोघे दोर फेकायला तयार. धक्का दोन मीटरवर आला की वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूचा दोर आधी धक्क्यावर द्यायचा, मग दुसरा. शेवटी पुढून साखळी ताणून घ्यायची, म्हणजे बोट धक्क्यापासून दीड मीटर दूर तरंगत राहते.

आता चूक कुठे होते ते पाहा. घाईत किंवा भीतीपोटी नांगर उशिरा पडतो, चार लांबीऐवजी दोनवर. बोटीची स्वतःची लांबी आणि मागची मोकळी जागा वजा केली तर साखळी बाहेर पडते फक्त १२ मीटर. पाणी सात मीटर खोल असेल तर ही साखळी जवळजवळ उभीच राहते आणि नांगर जमिनीत रुतण्याऐवजी वर उचलला जातो. संध्याकाळी वारा पडलेला असतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. मंडळी जेवायला बसतात. रात्री समोरून झोत आला की बोट मागे सरकते, आणि मागची बाजू सिमेंटच्या कडेवर आपटते. सुकाणूचं पातं तिथेच जवळ असतं. चार लांबीवर नांगर टाकला असता तर ४० मीटर साखळी पडली असती, खोलीच्या पाच-सहा पट, आणि हे झालं नसतं.

दुसरी चूक आडव्या वाऱ्यातली. बोट उलटी चालवताना वेग फार कमी असेल तर सुकाणू ऐकत नाही. वारा पुढचं टोक बाजूला ढकलतो, साखळी सोडणारा घाबरून ब्रेक लावतो, बोट साखळीला अडकून शेजारच्या बोटीवर आडवी जाते. अशा वेळी इलाज एकच. नांगर उचलून बाहेर जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. अनुभवी माणसंही दोनदा-तीनदा करतात. लाज वाटून हट्टाने आत घुसणाऱ्यांचीच रेलिंग वाकते.

तिसरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. तुमचा नांगर शेजाऱ्याच्या साखळीवर पडलेला असतो, किंवा त्याचा तुमच्या. सारोनिक आखातातलं इद्रा बेट यासाठी कुप्रसिद्ध आहे. बंदर एवढंसं, आणि उन्हाळ्यात बोटी एकीपुढे एक तीन-तीन रांगांत लागतात. नांगर वर ओढताना मोटर गुरगुरायला लागली आणि पाण्यातून नांगरावर लटकलेली परकी साखळी दिसली, तर ओढत राहू नका. त्या साखळीखालून एक दोर घालायचा, दोराची दोन्ही टोकं आपल्या खुंट्याला बांधायची, मग आपला नांगर थोडा खाली सोडायचा. परकी साखळी दोरावर तोलली जाते, आपला नांगर सुटतो, मग दोराचं एक टोक सोडून द्यायचं. दहा मिनिटांचं काम. पण ते आधी माहीत असलं पाहिजे. आणि नांगराची मोटर वापरताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसते किंवा मोटरचा ब्रेकर उडतो. हा ब्रेकर कुठे आहे ते बोट ताब्यात घेतानाच विचारून ठेवलेलं बरं. तो बहुधा कुठल्यातरी केबिनमधल्या गादीखाली असतो.

खाडीत नुसत्या नांगरावर रात्र काढायची असेल तर नियम तोच. पाच मीटर पाण्यात किमान २५ ते ३० मीटर साखळी, वारा वाढणार असेल तर अजून. टाकल्यावर इंजिन मागे घेऊन नांगर रुतवायचा आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून पाहायचं, समजा चर्चचा मनोरा आणि त्यामागचं झाड. रेष मोडली तर नांगर सरकतोय. फोनवर नांगराचा गजर लावता येतो, पण गजर वाजल्यावर उठायला कोणीतरी लागतं. मुद्दा तिथेच येऊन थांबतो.

कागद कोणते लागतात

ग्रीसमध्ये नुसती बोट घ्यायला दोन माणसं लागतात. एकाकडे मान्यताप्राप्त परवाना, आणि दुसऱ्याने आपल्याला शिडाच्या बोटीवरचं काम येतं असं लेखी द्यायचं. या दुसऱ्या सहीला लोक कागदी उपचार समजतात. पण स्किपरला उलटी-जुलाब झाले किंवा त्याचा हात दोरात सापडला, तर बोट आणायची जबाबदारी याच सहीवाल्याची. नांगर टाकता येतो का, शीड आखडता येतं का, रेडिओवरून मदत मागता येते का, एवढं तरी त्याला यायला हवं.

परवाना म्हणून साधारणपणे चालतं ते आयसीसी (बोट चालवण्याच्या पात्रतेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र), किंवा ब्रिटनच्या आरवायए या नौकानयन संस्थेचं डे स्किपर प्रमाणपत्र, किंवा आयवायटीसारख्या प्रशिक्षण संस्थेचं बेअरबोट स्किपर प्रमाणपत्र. डे स्किपरचं प्रात्यक्षिक पाच दिवसांचं असतं, आणि त्याआधी पाच दिवस समुद्रावर, १०० सागरी मैल आणि चार तास रात्रीचं नौकानयन अशी तयारी अपेक्षित असते. मुंबईच्या बंदरात लहान डिंगी चालवून मिळालेलं प्रमाणपत्र यात बसेलच असं नाही. म्हणून आधी बोट ठरवून मग कागद दाखवू नका. प्रमाणपत्राची प्रत कंपनीला पाठवा, "हे बंदर अधिकाऱ्यांना चालेल" असं ईमेलवर लिहून घ्या, मगच आगाऊ रक्कम भरा. हाच बेत क्रोएशियात असेल तर परवान्यासोबत व्हीएचएफ रेडिओचं वेगळं प्रमाणपत्रही लागतं. तिथे यावर सूट मिळत नाही.

परवाना पाच वर्षांपूर्वी काढला आणि नंतर बोटीवर पाऊल ठेवलं नाही, असंही पुष्कळांचं असतं. कायद्याने चालतं. ४५ फुटी बोट मात्र तुमचा परवाना वाचत नाही.

कुठल्या समुद्रात, कुठल्या महिन्यात

बेअरबोट जमेल का, याचं उत्तर जागेवर फार अवलंबून आहे. ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्र: लेफ्कादा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया. सकाळी वारा जवळजवळ नसतो, दुपारी वायव्येकडून येतो, बहुधा ३ ते ४ बोफर्ट (वाऱ्याचा जोर मोजायची मोजपट्टी), आणि सूर्यास्ताला पडतो. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यासारखं वेळापत्रक. बेटं एकमेकांपासून १० ते १५ मैलांवर, म्हणजे पाच नॉटच्या (ताशी पाच सागरी मैलांच्या) चालीने दोन-तीन तास. पहिल्यांदा स्वतः बोट घेणाऱ्याने इथेच जावं. अथेन्सजवळचं सारोनिक आखातही सौम्य आहे. अलिमोस मरीनातून (यॉट लावायच्या बंदरातून) ईजिना, तिथून पोरोस, मग इद्रा, प्रत्येक टप्पा १२ ते १८ मैलांच्या आत.

सायक्लाडीस बेटांची (मिकोनोस, सँटोरिनी यातलीच) गोष्ट निराळी. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्तेमी वाहतो, उत्तरेकडचा कोरडा वारा. आकाश निळंशार, एक ढग नाही, आणि वारा ६ ते ७ बोफर्ट, कधी ८. सात बोफर्ट म्हणजे ताशी ५० ते ६० किलोमीटर. दिवसच्या दिवस थांबत नाही. वादळ म्हटलं की काळे ढग पाहायची सवय असलेल्या आपल्या माणसाला हे पचत नाही. ऊन पडलंय म्हणजे समुद्र शांत, हा हिशोब तिथे साफ चुकतो.

आणि आपल्याकडची मंडळी आखतात तो बेत नेमका इथलाच. अथेन्सहून मिकोनोस, तिथून सँटोरिनी, आणि परत, सात दिवसांत. अथेन्स ते सँटोरिनी सव्वाशे सागरी मैलांच्या आसपास. जाताना मेल्तेमी पाठीमागून येतो, बोट भन्नाट पळते, फोटो सुंदर निघतात. परतताना तोच वारा तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट दिशेने जाऊ शकत नाही, नागमोडी जावं लागतं, त्यामुळे सव्वाशे मैलांचे दोनशेच्या घरात जातात. इंजिनवर जायचं तर उसळत्या लाटांत तीन-चार नॉटची चाल. बऱ्याच करारांत ठरावीक वाऱ्यापुढे, साधारणपणे ६ बोफर्टच्या वर, बंदर सोडायला मनाई असते. मग बोट कुठल्यातरी बेटावर अडकते, शुक्रवारी संध्याकाळी बोट परत करायची वेळ चुकते, आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला दंड लागतो. तो बहुधा रोजच्या भाड्याच्या दुप्पट. विमान चुकतं ते वेगळंच. सँटोरिनी पाहायचीच असेल तर फेरीने जा, दोन दिवस राहा आणि बोटीची सुट्टी आयोनियनमध्ये करा. किंवा जून वा सप्टेंबर धरा आणि पूर्ण क्रू घ्या.

"सात दिवस" हेही जरा मोजून पाहा. बोट शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास हातात येते. शुक्रवारी संध्याकाळी ती मूळ मरीनात परत हवी, शनिवारी सकाळी नऊला रिकामी. शनिवारी निघणं होत नाही, रविवारची सकाळ सामान भरण्यात जाते. हातात उरतात साडेपाच दिवस. त्यात रोज १५ ते २० मैल धरले तर पोहायला, फिरायला वेळ राहतो.

बोट म्हणजे घरही

नुसती बोट घेतली की समुद्रापेक्षा जास्त वेळ घरकामात जातो, याची कल्पना कोणी देत नाही. ४५ फुटी बोटीत पाणी असतं साधारण ५०० लिटर. आठ माणसं, माणशी ३० लिटर धरलं तर दोन दिवसांत टाकी कोरडी. घरी एका आंघोळीला एवढं लागतं. म्हणून समुद्रात पोहून मागच्या फळीवर मिनिटभर गोडं पाणी घ्यायचं, आणि भांडी आधी समुद्राच्या पाण्यात धुवायची.

फ्रीज बॅटरीवर चालतो, दिवसाला १०० अँपिअर-तासांच्या आसपास खातो. साध्या बॅटऱ्यांचा संच २५०-३०० चा असला तरी निम्म्याच्या खाली उतरवू नये. म्हणजे खाडीत दीड दिवस थांबलात की इंजिन चालवायलाच हवं. वातानुकूलन तर मरीनाच्या विजेवर किंवा जनरेटरवरच चालतं. ऑगस्टमध्ये बेअरबोट घेऊन एसीच्या भरवशावर राहिलेली मंडळी रात्री डेकवर उशी घेऊन झोपलेली दिसतात. तसं ते वाईट नसतं म्हणा.

शौचालय. इथे एकच नियम आहे आणि तो पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना, आजीसकट, स्पष्ट शब्दांत सांगावा लागतो: पोटातून गेलेलं सोडून भांड्यात काहीही टाकायचं नाही. कागदही नाही. तो वेगळ्या पिशवीत. नळी अरुंद असते, कागदाने तुंबते, आणि ती उघडून साफ करायची पाळी बेअरबोटवर तुमच्यावरच येते. कंपनीचा माणूस बोलावला तर त्याचे पैसे अनामतीतून जातात.

स्वयंपाकघरात दोन-तीन बर्नर आणि छोटं सिलिंडर. पोहे, खिचडी, उपमा सहज होतो. फोडणीचा धूर मात्र खालच्या केबिनमध्ये कोंडतो आणि डुलत्या बोटीत आधीच मळमळणाऱ्याचा शेवट करतो, तेव्हा फोडणी बोट बांधल्यावरच. शाकाहाऱ्यांची ग्रीसमध्ये उपासमार होत नाही. भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, मोठ्या पांढऱ्या वालांची भाजी, पिवळ्या डाळीचा फावा, उकडलेल्या पालेभाज्या जवळजवळ प्रत्येक टॅव्हर्नात मिळतात. आयोनियनमध्ये कित्येक टॅव्हर्नांचा स्वतःचा लाकडी धक्का असतो. रात्री तिथेच जेवलात तर बोट फुकट बांधू देतात.

मधला मार्ग: स्किपर

ज्या गटात एखाद-दोघांना थोडंफार येतं आणि बाकीच्यांना मजा हवी आहे, त्यांच्यासाठी बेअरबोट अधिक स्किपर हा आमच्या मते सर्वांत योग्य प्रकार. दिवसाला साधारण २०० ते २५० युरो, वर त्याचं जेवण. पण त्याच्याबद्दलचे गैरसमज आधी दूर करायला हवेत.

त्याला झोपायला जागा लागते. पुढच्या टोकाला स्किपरची छोटी केबिन असलेल्या बोटी थोड्या. बाकीत चार केबिनमधली एक त्याची. आठ जणांनी चार केबिनची बोट आणि स्किपर ठरवला, की शनिवारी संध्याकाळी कोणीतरी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर जातं, आणि ते कोण, यावरून आठवड्याची सुरुवात भांडणाने होते. तो स्वयंपाक करत नाही, भांडी घासत नाही, तुमच्या मुलांवर लक्ष ठेवत नाही. होस्टेस किंवा स्वयंपाकी हवा असेल तर वेगळे पैसे, दिवसाला २०० युरोच्या आसपास, आणि आणखी एक झोपायची जागा. आणि तोही माणूस आहे. सकाळी आठला निघून रात्री बाराला "आता पलीकडच्या बेटावर जाऊ" म्हणायचं नसतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्किपर आला तरी करारावर सही तुमची आणि कार्डावर अडकलेली अनामतही तुमचीच. त्याच्या हातून बोट धक्क्याला लागली तर कोण भरणार? कंपनीचाच स्किपर असेल तर काही कंपन्या त्याच्या चुकांची जबाबदारी घेतात, काही घेत नाहीत. हे वाक्य करारात शोधा. सापडलं नाही तर लिहून मागा.

ज्यांना पुढे स्वतः बोट घ्यायची आहे त्यांनी स्किपरला पहिल्याच दिवशी सांगावं, "धक्क्याला आम्ही लावतो, तुम्ही शेजारी उभे राहा." बहुतेक जण खुशीने शिकवतात. आयोनियनमध्ये आणखी एक सोय आहे, फ्लोटिला: आठ-दहा बोटींचा ताफा, प्रत्येक बोट आपापल्या माणसांची, पण पुढे एक म्होरकी बोट. तिच्यावरचा स्किपर रोज सकाळी मार्ग आणि हवामान समजावतो, संध्याकाळी धक्क्यावर उभा राहून तुमचे दोर घेतो, आणि बरोबर एक मेकॅनिक असतो. परवाना मात्र इथेही लागतो.

पूर्ण क्रू घेतला तर

इथे भाड्याचा आकडा पाहून थांबू नका. भूमध्य समुद्रात क्रूसह घेतलेल्या बोटींच्या भाड्यात बहुधा बोट, क्रू आणि विमा एवढंच असतं. डिझेल, खाणंपिणं, बंदराची फी, हे सगळं एपीए नावाच्या आगाऊ रकमेतून होतं. ती शिडाच्या बोटीला भाड्याच्या २५ ते ३० टक्के, मोटर यॉटला त्याहून जास्त. कप्तान तिचा हिशोब ठेवतो, उरलं ते परत करतो, कमी पडलं तर मागतो. आठवड्याच्या मध्यावर हिशोब पाहायला मागणं यात काही गैर नाही. पैसे बहुधा अर्धे सहीच्या वेळी, उरलेले आणि एपीए निघण्याच्या महिनाभर आधी. शेवटी बक्षिसी भाड्याच्या ५ ते १५ टक्के, कप्तानाच्या हातात एकदम. तो वाटतो.

निघण्याआधी आवडीनिवडीचा एक अर्ज येतो. तो नीट भरणं हेच क्रूसहच्या सुट्टीतलं तुमचं मोठं काम. "शाकाहारी" एवढं लिहिलंत तर मासे ताटात येऊ शकतात. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, प्राणिज रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात तो पदार्थ) असलेलं चीज चालतं का, सकाळी चहा किती वाजता आणि दुधाचा, हे एकेक लिहा. ग्रीसमध्ये बऱ्याच बोटींवर नाश्ता आणि दुपारचं जेवणच बोटीवर असतं, रात्री किनाऱ्यावर जेवायचं असतं. ते आधी पक्कं करा.

पाहुणे बारापेक्षा जास्त असतील तर गाडं अडतं. बाराहून अधिक प्रवासी नेणारी बोट आंतरराष्ट्रीय नियमांत प्रवासी जहाज ठरते, म्हणून बहुतेक भाड्याच्या यॉट बारावर थांबतात. चौदा जणांचं कुटुंब असेल तर दोन बोटी. आजी-आजोबांसह मोठं कुटुंब असेल तर समोरच्या तुर्कस्तानात बोद्रुम, मार्मारिस किंवा ग्योजेकहून निघणाऱ्या लाकडी गुलेत बोटी पाहा. रुंद डेक, कप्तान, स्वयंपाकी, जिने फारसे उभे नाहीत. शिडं असतात, पण बहुतेक वेळ इंजिनच चालतं. हे माहीत असूनही ज्यांना चालतं त्यांच्यासाठी त्या उत्तम. ग्रीसची बोट घेऊन तुर्कस्तानात मात्र सहज जाता येत नाही. व्हिसा दोन, सीमाशुल्काचे कागद वेगळे, आणि कंपनीची लेखी परवानगी.

आता आकडे शेजारी ठेवू. दर महिन्यागणिक बदलतात, म्हणून हे हिशोब समजण्यापुरते धरलेले. सहा माणसं, जून, लेफ्कादा. बोट ३,०००, शेवटची सफाई व चादरी २५०, डिंगीचं (किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीचं) इंजिन १००, डिझेल १८०, बंदरं १२०, एकूण ३,६५० युरो, माणशी सहाशेच्या थोडं वर. स्किपर सात दिवस २२० ने १,५४० आणि त्याच्या जेवणाचे २००, की एकूण ५,३९०, माणशी ९०० च्या आत. क्रूसह कॅटामरान (दोन जोडतळांची बोट) आठ जणांसाठी १८,००० धरली, वर ३० टक्के एपीए ५,४०० आणि १० टक्के बक्षिसी १,८००, तर २५,२००, माणशी ३,१५०, यात खाणंपिणं आलं. व्हॅट आणि ग्रीसचा नौकाविहार कर भाड्यात धरलाय की वेगळा, हे तिन्ही प्रकारांत विचारायचं. स्किपरसह आणि क्रूसह यांच्यातली दरी किती मोठी आहे ते यावरून दिसतं. बेअरबोट आणि स्किपरसह यांच्यातली त्यामानाने काहीच नाही. माणशी ३०० युरो वाचवण्यासाठी स्किपर टाळणं हा जरा महागडा कंजूषपणा आहे.

शनिवारी बोट ताब्यात घेताना

अनामत साधारण २,००० ते ४,००० युरो, क्रेडिट कार्डावर रोखून धरतात. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड इथे पुष्कळदा चालत नाही, आणि भारतीय क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहारांची मर्यादा कमी ठेवलेली असते. धक्क्यावर उभं राहून, मुंबईत संध्याकाळचे साडेसात वाजलेले असताना बँकेला फोन लावण्याची वेळ यामुळेच येते. निघण्याआधी मर्यादा वाढवा. थोडे पैसे भरून अनामत कमी करणारा विमाही मिळतो. पहिल्या खेपेला तो घ्यावा. सुकाणूचं पातं, बोटीचा तळ आणि डिंगी त्यात येतात का ते पाहा, कारण बहुधा तेच वगळलेलं असतं.

सामान मऊ पिशव्यांतून न्या. चाकांच्या कडक बॅगा ठेवायला बोटीत जागाच नसते. लहान मुलांची लाइफ जॅकेट आणि रेलिंगची जाळी आठवडाभर आधी ईमेलने मागा, धक्क्यावर मागितली तर मापाची मिळेलच असं नाही.

तपासणीला दीड-दोन तास द्या, बाकीची मंडळी बाजारात जाऊ दे. शिडं पूर्ण उघडून पाहा, शिवण उसवलेली असेल तर फोटो काढा. इंजिन सुरू करून मागच्या नळीतून थंड करणारं पाणी बाहेर पडतंय ना ते पाहा. पाणी नाही म्हणजे पंप किंवा झडप बंद, आणि दहा मिनिटांत इंजिन तापतं. नांगर पाण्यात सोडून पुन्हा वर घ्या, साखळी किती मीटर आहे आणि तिच्यावर रंगाच्या खुणा कशा आहेत ते विचारा. प्रत्येक शौचालय एकदा चालवून पाहा. डिंगीत हवा भरून अर्धा तास तशीच ठेवा. आतला-बाहेरचा प्रत्येक ओरखडा, वाकलेला खांब, तडा, तारीख दिसेल असा फोटो, आणि यादीवर कंपनीच्या माणसाची सही. शुक्रवारी संध्याकाळी परतल्यावर पाणबुड्या खाली उतरून तळ तपासतो. त्या वेळी तुमच्यापैकी एकाने धक्क्यावर उभं राहायचं, डिझेलची पावती हातात ठेवायची, आणि अनामत सुटल्याचा कागद मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही.